ऊर्जामंत्र्यांची ओळख

राष्ट्राध्यक्षाचा खरा चेहरा त्याच्या भाषणात दिसत नाही, तो त्याच्या मंत्रिमंडळात दिसतो, असं जगन्नाथ हर्डीकरांचं ठाम मत होतं. गेले दोन महिने ते हे मत जमेल तिथे मांडत आले होते आणि आताही मांडणारच होते. पण त्यांच्या तोंडात एक छोटा आरसा, एक टोकदार आकडा आणि लाळ ओढणारी नळी अशा तीन गोष्टी होत्या. त्यामुळे बाहेर पडलं ते नुसतं “आं, आं, आं.”

“मोठा आ कर,” डॉक्टर मोकाशी म्हणाले. “बोलू नकोस. ही का?”

आकड्याच्या दांड्यानं त्यांनी खालच्या डाव्या दाढेवर टकटक केलं. हर्डीकरांनी मान डोलावली. हीच.

“दुखलं?”

हर्डीकरांनी जरा वेळ वाट पाहिली. दुखलं नव्हतं. ही दाढ आपल्याला छळते आहे असं ते महिनाभर घरीदारी सांगत होते, आणि ऐन वेळी ती गप्प बसली होती.

“हं,” मोकाशी म्हणाले आणि त्यांनी कागदी पेला पुढे केला. “चूळ भर.”

पाणी कोमट होतं. खिडकीबाहेर पार्किंग लॉटच्या कडेला नांगरून ठेवलेल्या बर्फाचे काळपट ढीग होते, शेजारच्या गालिच्याच्या दुकानाची पाटी वाऱ्यानं करकरत होती, आणि इथे पेल्यातलं पाणी कोमट होतं. हर्डीकरांनी ते गरजेपेक्षा जरा जास्त वेळ तोंडात ठेवलं. या दवाखान्याच्या छतावर त्यांनी आखलेले सूर्यतापक होते. काचेखाली काळ्या तांब्याच्या नळ्या, ओहायोच्या फिक्या उन्हाकडे तोंड करून बसवलेल्या. अमेरिकेत सतरा-अठरा वर्षं काढून स्वतःच्या डोक्यातून उतरलेली अशी एवढीच एक वस्तू त्यांच्या नावावर होती. बाकी सगळं दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरच्या दुरुस्त्या.

“सूर्याचं पाणी,” ते चूळ टाकून म्हणाले.

मोकाशींनी दिव्याचा कोन बदलला.

हर्डीकर आज या खुर्चीत प्रथमच बसले होते. कोलंबसला लागून असलेल्या डब्लिन गावात मोकाशींचा दवाखाना उघडून चार वर्षं झाली, पण हर्डीकर कुटुंबाचे दात आजवर एका अमेरिकन डेंटिस्टकडे जात. त्याचं कारण कोणी बोलून दाखवत नसे. कोलंबसच्या मराठी मंडळींत डॉक्टर पुष्कळ होते, हृदयाचे, मुलांचे, गुंगी देणारे, आणि त्या उतरंडीत दातांचा डॉक्टर कुठे बसवायचा याबद्दल एक सभ्य संकोच होता. मुंबईची पदवी असूनही मोकाशींना इथे पुन्हा दोन वर्षं शिकावं लागलं होतं. त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना ‘दातवाला’ म्हणत. हा शब्द प्रथम हर्डीकरांनीच काढला होता, पण तो इतका रुळला की त्याचं श्रेय त्यांना कोणी देत नसे.

हे सगळं १९८०च्या डिसेंबरात बदललं.

*

नाताळच्या सुट्टीतल्या शनिवारी मंडळी नरेंद्र वऱ्हाडपांड्यांच्या तळघरात जमली होती. वऱ्हाडपांडे गुंगीचे डॉक्टर, मूळचे नागपूरचे. तळघरात टेबल टेनिसच्या टेबलावर चादर घालून बटाटेवडे मांडले होते आणि टीव्हीचा आवाज बंद करून हर्डीकरांचा चालू केला होता. नवे अध्यक्ष निवडून आल्यापासून दर वेळी असंच होत असे. पेपरात एकेक मंत्र्याचं नाव जाहीर होई आणि हर्डीकर त्याचा कल सांगत.

“कॅलिफोर्निया म्हणजे पश्चिम महाराष्ट्र,” ते म्हणाले. “अध्यक्ष तिथले, त्यामुळे मलई तिथे. न्यूयॉर्क, कनेटिकट म्हणजे आपले पुण्या-मुंबईचे. पैसा त्यांच्याकडे, म्हणून अर्थ आणि व्यापार. आणि ओहायो? ओहायो म्हणजे मराठवाडा. एक राज्यमंत्रीसुद्धा नाही.”

“अरे, पण उजवे किती, डावे किती?” वऱ्हाडपांड्यांनी विचारलं. त्यांना टॅक्स कमी होणार एवढ्यापुरतंच राजकारण लागे, आणि ते यंदा मनासारखं झालं होतं.

“डावा कोणीच नाही. उजवे, फार उजवे, आणि उजवीकडे जागा मिळाली नाही म्हणून मधे उभे राहिलेले. कामगार खातं कोणाला? बांधकामाच्या ठेकेदाराला. जमीन-जंगल कोणाला? सरकारनं जमिनीत लक्ष घालू नये म्हणून कोर्टात भांडणाऱ्या वकिलाला. यातून कळतं की...”

“दे आर ऑल जस्ट रिच, बाबा,” जिन्यात बसलेली नीला म्हणाली. ती हर्डीकरांची मुलगी, हायस्कूलात होती आणि सोशल स्टडीजला तिला ए मिळे.

“तसं नसतं ते, बेटा. त्यात लॉबी असतात.”

“ओके.”

“आणि ऊर्जा?” वऱ्हाडपांड्यांनी विचारलं. त्यांनी हे मुद्दाम विचारलं नव्हतं, पण तळघर गप्प झालं. हर्डीकरांची नोकरी ऊर्जा खात्याच्या पैशावर चालते हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कोलंबसच्या एका संशोधन संस्थेत हर्डीकरांचा गट सूर्यावर पाणी तापवायचे संच तयार करत होता. एक चर्च, एक अग्निशामक केंद्र, दोन शाळा आणि मोकाशींचा दवाखाना अशा ठिकाणी ते नमुन्यादाखल बसवले होते. पैसा वॉशिंग्टनचा. जुन्या अध्यक्षांनी स्वतःच्या घराच्या छतावर असेच तापक बसवून घेतले होते, तेव्हा हर्डीकरांनी तो फोटो कापून फ्रिजवर लावला होता. नवे अध्यक्ष ऊर्जा खातंच मोडीत काढणार म्हणत होते. ऑक्टोबरात हर्डीकरांच्या हाताखालच्या दोघांना कोळशाच्या विभागात हलवलं गेलं, तो त्यांनी निवडणुकीच्या वाऱ्यांचा परिणाम मानला. आता त्यांच्या मोठ्या खोलीत ते आणि एक रबराचं झाड एवढेच उरले होते. प्रकल्पाचं पुढे काय, असं विचारलं की संचालक हॅल्व्हरसन म्हणत, “शपथविधी होऊन जाऊ द्या, मग बोलू.” यावरून सगळं नव्या मंत्र्यावर अवलंबून आहे हे हर्डीकरांना स्पष्ट दिसत होतं. आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नव्या नोकरीसाठी सूट इस्त्री करायचा म्हणजे काय, हेही दिसत होतं.

“ऊर्जेला साउथ कॅरोलायनाचे माजी गव्हर्नर,” हर्डीकर म्हणाले. मग आवाज उतरवून त्यांनी पुढचं सांगितलं. “व्यवसायानं दातांचे सर्जन आहेत.”

तळघरातल्या सगळ्या माना एकदम एका दिशेला वळल्या. कोपऱ्यातल्या खुर्चीत डॉक्टर मोकाशी वडा फोडत होते.

“काय?” मोकाशी म्हणाले.

“अरे चंदू, तुझा माणूस मंत्री झाला की!” वऱ्हाडपांडे ओरडले. “लेका, सांगितलं नाहीस!”

“माझा कसला माणूस?”

“दातवा... डेंटिस्ट लोकांची तुमची कॉन्व्हेन्शनं होतात ना? भेटला असशील कुठेतरी.”

मोकाशींनी विचार केला. ते कोणत्याही प्रश्नाचा खरोखर विचार करत, त्यामुळे गप्पांमध्ये फारसे उपयोगी पडत नसत. “अटलांटात एकदा एका माणसाशी हात मिळवला होता,” ते म्हणाले. “साउथचाच होता. उंच. गव्हर्नरसारखा दिसायचा.”

“तोच!” वऱ्हाडपांडे म्हणाले.

“असेल,” मोकाशी म्हणाले आणि त्यांनी चटणी मागितली.

ओळख निघाली होती. आता ती ओळख किती लांबची, किती जवळची, हा तपशील होता. मंत्रालयात काम असलं की आधी मंत्र्याच्या साडूचा मावसभाऊ शोधायचा, तो आपल्या शाळेत होता का ते पाहायचं, आणि मग सहाव्या मजल्यावर जायचं, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला जन्मापासून माहीत होतं. अमेरिकेत तसं नसतं, इथे मेरिट चालतं, असं ते भारतातून आलेल्या पाहुण्यांना सांगत. पण हा मंत्री होता, आणि मंत्री म्हटला की हात आपोआप ओळखीकडे जातो. त्या संध्याकाळी मोकाशींना तिसरा वडा आग्रहानं वाढला गेला. त्यांना कोणीतरी ‘डॉक्टरसाहेब’ म्हणालं. निघताना हर्डीकरांनी त्यांचा ओव्हरकोट हातात धरला.

गाडीत सुनेत्रा, हर्डीकरांची बायको, वायपरकडे बघत होती.

“चंदूभावजींना सांगणार आहात?” तिनं विचारलं.

“काय सांगणार?”

“मंत्र्याला फोन करा म्हणून.”

“अगं, असा फोन नाही करत कोणी. एक शब्द टाकायचा असतो. योग्य वेळी.”

“मग टाकायला सांगा. तुम्हीच एकदा त्यांच्याकडे जा दात दाखवायला. इतकी वर्षं गेला नाहीत, ते त्यांनाही दिसतं.”

“दात दुखत नसताना?”

“दुखतोय ना गेला आठवडाभर. आता दुखतोय, तर कामाला येऊ द्या.”

मागच्या सीटवरून नीला म्हणाली, “डिड यू ईव्हन व्होट, बाबा?”

हर्डीकर चार वर्षांपूर्वी नागरिक झाले होते. नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारी मतदानाची वेळ संपली, तेव्हा ते एका तरुण इंजिनियरला फोनवर ओहायोचं महत्त्व समजावून देत होते. त्यांनी रेडिओ लावला.

*

“परत आ,” मोकाशी म्हणाले.

आता आकडा एक दाढ सोडून मागे गेला. टक. हर्डीकरांच्या पायाचे अंगठे बुटात ताठ झाले आणि घशातून “आई गं” असं स्पष्ट, कोणत्याही नळीला न जुमानणारं मराठी बाहेर पडलं.

“ही आहे,” मोकाशी समाधानानं म्हणाले. “तू दाखवतोस ती ठणठणीत आहे. कळ इथून निघते आणि तिथे जाणवते. होतं तसं.”

“महिनाभर मी तीच...”

“होतं तसं. कीड आहे, पण वाचेल. इंजेक्शन देतो.”

शनिवारी दवाखाना अर्धाच दिवस असे. मदतनीस बाई घरी गेली होती, त्यामुळे मोकाशी स्वतःच ट्रेवरच्या वस्तू लावत होते. छतातल्या स्पीकरमधून तारवाद्यांचं काहीतरी न संपणारं वाजत होतं. बातम्या मंगळवारच्या शपथविधीच्या आणि इराणातल्या ओलिसांच्या होत्या, पण इथे त्या पोचत नव्हत्या. इंजेक्शन देऊन मोकाशी स्टुलावर बसले आणि बधिरपणा चढायची वाट पाहू लागले. हर्डीकरांना कळलं की योग्य वेळ म्हणतात ती हीच.

“चंद्रशेखर,” ते म्हणाले, “ते तुझे अटलांटाचे गृहस्थ.”

“कोण?”

“मंत्री.”

“अच्छा. तो.” मोकाशींनी हातमोजा काढून कान खाजवला. “अरे, तो तो नव्हता. पेपरात फोटो आला ना नंतर, तेव्हा कळलं. मी ज्याच्याशी हात मिळवला तो टेनेसीचा. खुर्च्या विकायचा.”

“खुर्च्या?”

“डेंटल चेअर्स. ही त्याचीच. तू बसलायस ती. चांगला माणूस. डिस्काउंट दिला होता.”

हर्डीकरांनी खुर्चीच्या हातावरून हात फिरवला. हिरवं रेक्झिन होतं, कडेला शिवण किंचित उसवली होती. ही बातमी वऱ्हाडपांड्यांच्या तळघरात कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायची हा प्रश्न त्यांच्या मनात येऊन गेला. पण ते राजकारणाचे अभ्यासक होते आणि दुसरी खेळी त्यांच्याकडे तयार होती. खरं तर हीच पहिल्यापासून जास्त भक्कम आहे, असं त्यांनी लगेच स्वतःला पटवलं.

“नसेना का,” ते म्हणाले. खालचा ओठ जड व्हायला लागला होता. “ओळख हवी कशाला? तू स्वतःच ओळख आहेस. नीट ऐक. त्यांच्याकडे शास्त्रज्ञ जातील, प्रोफेसर जातील, पर्यावरणवाले जातील. त्यांना ते उभंसुद्धा करणार नाहीत. का? कल. सगळे डावीकडचे. पण एक डेंटिस्ट, लहान धंदेवाला, टॅक्स भरणारा, टाय लावणारा, तो सांगतोय की साहेब, माझ्या दवाखान्याच्या छतावर सरकारी तापक आहे, बाहेर बर्फ आहे आणि माझ्या पेशंटना गरम पाण्याची चूळ मिळते. एका डेंटिस्टनं दुसऱ्या डेंटिस्टला सांगितलेलं. हे त्यांना नाकारता येईल?”

‘नाकारता’ हा शब्द ओठाच्या डाव्या बाजूनं गळून पडला. हर्डीकरांनी हनुवटी पुसली.

“तुझ्या एका फोननं होईल असं नाही म्हणत मी,” ते म्हणाले. आणि मग, कोणत्याही मंत्रिमंडळाशी संबंध नसल्यासारख्या आवाजात, त्यांनी उरलेलं सांगितलं. “चंदू, ते बंद झालं ना, तर माझ्याकडे दाखवायला दुसरं काही नाही रे.”

‘चंदू’ ते त्यांना प्रथमच म्हणाले होते. मोकाशी मान खाली घालून ट्रेवरचा आकडा सरळ करत होते. तो आधीच सरळ होता.

“वर गेला होतास का इतक्यात?” त्यांनी विचारलं.

“कुठे?”

“छतावर.”

“उद्घाटनाला गेलो होतो. नंतर माझं काम डिझाइनचं. बसवलेल्या संचांची माहिती गोळा करणारा विभाग वेगळा आहे आमच्याकडे.”

“हं,” मोकाशी म्हणाले.

उद्घाटन हर्डीकरांना लख्ख आठवत होतं. पाऊण वर्ष खपून तयार केलेला संच, जूनची सकाळ, सगळं मराठी मंडळ शिडीनं छतावर चढलेलं. सुनेत्रानं नऊवारी नेसायचा हट्ट शिडी पाहून सोडला होता. हर्डीकरांनी संचाच्या लोखंडी पायावर नारळ फोडला होता, आणि हॅल्व्हरसननी आपल्या वाटणीची करवंटी दोन्ही हातांत धरून ‘थँक यू’ म्हटलं होतं. ती खायची की बसवायची हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नव्हतं. मोकाशींनी त्या दिवशी पेशंट घेतले नव्हते. सगळ्यांना त्यांनी नळाखाली हात धरायला लावले होते.

“पहिल्या थंडीत फुटला तो,” मोकाशी म्हणाले.

हर्डीकर खुर्चीत उठून बसले.

“आतलं पाणी रात्री आपोआप खाली उतरतं ना, त्याची झडप अडकली. पाणी नळ्यांत राहिलं, गोठलं. सकाळी आलो तर वेटिंग रूमच्या छतातून गळत होतं. मग प्लंबरनं तो बंद केला.” मोकाशींनी मागच्या भिंतीतल्या अरुंद कपाटाचं दार ढकललं. आत पाणी तापवायची उंच पांढरी टाकी होती आणि तिच्या पोटाशी निळी ज्योत फुरफुरत होती. छताकडून खाली आलेल्या तांब्याच्या नळीवर लाल चाक होतं. ते घट्ट आवळलेलं होतं आणि त्यावर कोणीतरी मदतनीस बाईचा एप्रन अडकवला होता.

“म्हणजे मागची थंडी...”

“मागची पूर्ण. आणि ही.”

“आणि मधला उन्हाळा?”

“प्लंबर म्हणाला, हात नका लावू.”

हर्डीकरांना काहीतरी विचारायचं होतं. पण अर्धं तोंड त्यांचं नव्हतं, आणि उरलेल्या अर्ध्यानं फक्त इंजिनियरचा प्रश्न निघाला. “झडप कुठल्या बाजूची?”

“ते मला काय माहीत? उत्तरेकडची असेल.”

“तिथे ऊन नाही पोचत,” हर्डीकर म्हणाले. “मी तेव्हा म्हटलं होतं, पुढे घ्या म्हणून.” मग त्यांना आठवलं की असं त्यांनी कुणालाच म्हटलं नव्हतं. उत्तरेची बाजू त्यांच्याच ड्रॉइंगमध्ये होती.

“मला का नाही सांगितलंस?”

मोकाशींनी याही प्रश्नाचा खरोखर विचार केला.

“नारळ फोडला होतास,” ते म्हणाले. “आणि त्यानंतर आपली जेव्हा जेव्हा भेट झाली, तेव्हा तू तो कसा चालतो ते मला सांगायचास. सगळ्यांसमोर. मी काय बोलणार मधे?”

बाहेर गालिच्याच्या दुकानाची पाटी करकरली. हर्डीकर मनातल्या मनात वाटाघाटी करू लागले. एक झडप. झडप बदलता येते. शाळा आहेत, चर्च आहे, अग्निशामक केंद्र आहे. त्यांचं चालत असेल. हे इथलं वॉशिंग्टनला कळायचं काही कारण नाही. नव्या मंत्र्यापुढे कागद जाईल तेव्हा...

“हे कोणाला माहीत नाही ना?” त्यांनी विचारलं. “आमच्याकडे?”

“तुमच्याकडच्या एका बाईचा फोन आला होता,” मोकाशी म्हणाले. “सगळ्या ठिकाणी फोन करत होती म्हणे. चर्चवाल्यांचंही फुटलंय, ते तिनंच सांगितलं मला. पाणी गरम येतं का, म्हणाली.”

“मग?”

“मी म्हटलं, नाही.”

“तिला सांगितलंस?”

“तिनं विचारलं.”

हर्डीकरांनी छताकडे पाहिलं. छतातले पांढरे चौकोन, त्यातल्या एका कोपऱ्यातला चहाच्या रंगाचा जुना डाग. आत्तापर्यंत तो त्यांना दिसला नव्हता. दर काही दिवसांनी नोव्हेंबरपासून त्यांनी एकेक मंत्री तोलला होता, उजवा किती, फार उजवा किती, कोणत्या लॉबीचा, कोणाचा माणूस.

“कधी आला होता फोन?” त्यांनी विचारलं. “निवडणुकीनंतर?”

“नाही रे. सप्टेंबरात. लेबर डे झाला होता नुकताच. मुलांच्या शाळा उघडल्या तेव्हा. आता आ कर, चढला असेल बधिरपणा.”

ऑक्टोबरात दोघं कोळशात गेले होते. तेव्हा व्हाइट हाउसच्या छताखाली जुनेच अध्यक्ष राहत होते, आणि साउथ कॅरोलायनाच्या त्या गृहस्थांना ऊर्जा खात्यात कोणी बोलावलेलं नव्हतं.

हर्डीकरांनी आ केला. मोकाशींनी दिवा खाली ओढला, आणि बराच वेळ फक्त ड्रिलचा आवाज येत राहिला. काही दुखलं नाही. मोकाशींचा हात हलका होता. डोळ्यांच्या कडेतून थोडं पाणी कानाकडे ओघळलं तेव्हा त्यांनी न विचारता तिथे कापसाचा बोळा ठेवला, दिव्यानं येतं पाणी असं काहीतरी पुटपुटले, आणि पुन्हा कामाला लागले.

“झालं,” ते शेवटी म्हणाले. “दोन तास काही खाऊ नकोस. सुनेत्राला सांग, रात्री मऊ भात दे. आणि मंत्र्याचं मला असं वाटतं, जगन्नाथ, की मी फोन केला असता. पण त्यानं विचारलं असतं ना.”

हर्डीकरांनी मान डोलावली.

“चूळ भर.”

पाणी कोमट होतं. कपाटात गॅस चालू होता.